झऱ्याच्या याडीचं न्हाण

हे लिहायला बसलो आहे खरा, पण आपण लिहावं की नाही याची खात्री मला अजूनही नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. ज्या भाषेत लिहितो आहे तीही मी शाळेत शिकलो. घरी आम्ही आमची बंजारा बोली, गोरमाटी, बोलायचो आणि आईला याडी म्हणायचो. ज्यांच्या हातून मोठी कामं झाली त्यांनी आपली हकीकत सांगावी, ते शोभतं. मला तर जे घडलंच नाही अशा एका गोष्टीविषयी सांगायचं आहे, आणि ते कसं सांगतात हे मला कुणी शिकवलेलं नाही. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. बहिणीला विचारलं होतं, तुझ्याविषयी लिहू का? ती म्हणाली, "लिही. पण मी जे बोलले ते माझ्याच तोंडी टाक, तुझ्या तोंडी नको." तेवढं पाळायचा प्रयत्न केला आहे. घरातलं बोलणं मात्र आमच्या भागातल्या मराठीत आणलं आहे, नाहीतर ते कुणाला कळलं नसतं.

आमचा तांडा हिंगोलीकडच्या गोरेगावच्या अलीकडे, जीप सोडून आत बरंच चालत गेलं की लागायचा. तांड्याच्या पूर्वेला मातीचा बांध आणि बांधापलीकडे तात्यासाहेबांचं तळं. तात्यासाहेब शेजारच्या गावचे मोठे शेतकरी. त्यांच्या वडिलांनी एका दुष्काळात स्वतःच्या जमिनीतला नाला अडवून ते बांधून घेतलं होतं. बांधणारे आमचेच आजे-पणजे. त्यांनी गाढवांवरून माती आणली, बैल फिरवून ती दाबली, आणि काम संपल्यावर मालकाने त्यांना राहायला जागा दिली ती बांधाच्या पायथ्याशी. त्यांना ती देणगीच वाटली. सरकारी तलावावर पाणी सोडायला पाटकरी असतो, पावसाळ्याआधी एखादा साहेब येऊन बांधावरून चालत जातो. आमचं तळं खासगी होतं. त्याच्याकडे बघायला कुणी येत नव्हतं आणि कुणी यावं असं कुणाला वाटतही नव्हतं. त्या पाण्यावर तात्यासाहेबांची हळद पिकायची, हळदीवर आमच्या बायकांना काम मिळायचं, आणि बांध तर आम्ही जन्मलो तेव्हापासून तिथंच होता.

आमच्या घराचं दार बांधाकडे होतं. त्यामुळे आमच्याकडे ऊन उशिरा यायचं. गावात लोक उन्हात बसून दात घासायचे तेव्हा याडी अजून सावलीत चूल फुंकत असायची. बांधापलीकडचं पाणी दारातून दिसायचं नाही, पण वारा सुटला की लाटा दगडी अस्तरावर आपटायच्या आणि तो आवाज आमच्या डोक्याच्या वरून यायचा. पाण्याचा आवाज डोक्यावरून येतो हे मला कॉलेजात जाईपर्यंत कधी विचित्र वाटलं नाही. पाहुणे मात्र जेवता जेवता वर बघायचे. याडी हसायची आणि त्यांच्या ताटात आणखी एक बाटी टाकायची. ज्वारीच्या भाकरीला आम्ही बाटी म्हणतो. सोबत अंबाडीची भाजी, लसणाची लाल चटणी आणि मऊ शिजलेली तुरीची डाळ. डाळ मऊ शिजणं ही आमच्याकडे सांगण्यासारखी गोष्ट होती, कारण त्या भागातल्या विहिरींच्या जड पाण्यात डाळ तासन्‌तास दाठरच राहते. आमची शिजायची ती झऱ्याच्या पाण्यामुळे.

झरा बांधाच्या पायथ्याशीच होता, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मातीतून करंगळीएवढी धार यायची, बारा महिने, थंडगार आणि गोड. गावातल्या बायका तिथं आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवी, राहतात म्हणायच्या; आमच्या बायका नुसतं 'झऱ्याची याडी' म्हणायच्या. शेंदूर लावलेले सात गोटे धारेच्या वर मांडलेले होते. उन्हाळ्यात धार बारीक झाली की बायका पहारीने तोंड थोडं मोकळं करायच्या, हात घालून आतली माती ओढून काढायच्या, आणि धार पुन्हा जोर धरायची. त्याला 'याडीचा घसा मोकळा करणं' म्हणायचे. दर उन्हाळ्याला घसा मोकळा व्हायचा. माझ्या लहानपणी तांब्या जेमतेम मावायचा तिथं पुढे घागर आडवी बसायला लागली.

झऱ्याची सेवा माझ्या थोरल्या बहिणीकडे होती, शेवंताबाईकडे. तिला नवऱ्याने टाकलं होतं, मूल नव्हतं. माहेरी परत आली तेव्हा झरा राखणाऱ्या म्हातारीने मरताना तिचा हात धरून ते काम तिला दिलं. माणसात परत उभं राहायला शेवंताबाईला तेवढी एक जागा मिळाली. लग्न असो, बारसं असो, पहिली घागर तिने भरायची आणि मग बाकीच्यांनी. मी हिंगोलीला शिकू शकलो तेही तिच्यामुळेच. ती हळदीच्या शेतात राबायची आणि शनिवारच्या जीपने माझ्यासाठी भाकरीचं गाठोडं पाठवायची.

आता एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. पावसाळ्यात एखाद्या मोठ्या पावसानंतर झऱ्याचं पाणी तांबूस यायचं. तेव्हा म्हणायचे, याडी बाहेर बसली. बाईमाणसाला महिन्याचं असतं तसं तिलाही वर्षातून एकदा. शेवंताबाई धारेसमोर लाल चिंधी बांधायची. चार दिवस तिकडे कुणी फिरकायचं नाही, बघायचंही नाही. पाचव्या दिवशी पाणी निवळलेलं असायचं; शेवंताबाई ऊन पाण्याने, हळदीने गोट्यांना न्हाऊ घालायची, नव्या बांगड्या ठेवायची आणि लापशी वाटायची. मला ही रीत अजूनही सुंदर वाटते. इतक्या मायेने आपल्या पाण्याकडे बघणारी माणसं मी नंतर पाहिली नाहीत. पण पाणी तांबडं झालं की नेमकं तेव्हाच त्याच्याकडे पाठ फिरवायची, असं त्या रीतीने आम्हाला शिकवलं होतं.

कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना भूगोलाच्या सरांनी आम्हाला एका सरकारी तलावावर नेलं. तिथं दुरुस्ती चालू होती. बांधाच्या पायथ्याशी पाणी पाझरत होतं तिथं मजूर आधी वाळू, तिच्यावर बारीक खडी, आणि तिच्यावर मोठे दगड टाकत होते. मी विचारलं, तर सर म्हणाले, पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. मातीच्या बांधातून पाणी थोडंफार येणारच. ते निवळ आहे तोवर चिंता नाही. गढूळ यायला लागलं की बांध आतून वाहून चालला असं समजायचं. बाकीची मुलं डबे उघडून बसली होती. मी डबा तसाच ठेवून त्या पाझराकडे बघत बसलो.

त्या वर्षी पाऊस लवकर थांबला होता, पण तळं तुडुंब होतं. दिवाळीला घरी गेलो. तांड्यात घाई चालली होती. दिवाळी झाली की ऊसतोडीला नेणारे ट्रक येणार, धडधाकट माणसं जाणार, आणि मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं तेवढी राहणार. संध्याकाळी पोरी दिवे घेऊन मेरा, म्हणजे आमच्याकडची दिवाळीची ओवाळणी, मागत घरोघर फिरल्या. आमच्या दारात आल्या तेव्हा मी शेवंताबाईला म्हणालो, मला झऱ्याचं पाणी दे. ती म्हणाली, "आज विहिरीचं पी. याडी बाहेर बसली." मी विचारलं, पाऊस कुठं झाला? तिने पोरींच्या दिव्यांत तेल घातलं. मग हळूच म्हणाली, "यंदा दुसऱ्यांदा बसली."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चिंधी ओलांडून आत गेलो. धार करंगळीएवढी राहिली नव्हती, मनगटाएवढी झाली होती. पाणी विटेच्या रंगाचं होतं आणि आतून एक आवाज येत होता, माणूस झोपेत काही बोलतो तसा. औषधाची एक रिकामी बाटली मी भरून घेतली आणि घरी उंबऱ्यावर ठेवली. थोड्या वेळाने वर पाणी निवळ झालं आणि खाली मातीचा थर बसला, चांगला जाड. याडीने तो पाहिला आणि पदर तोंडाला लावला. शेवंताबाईने पाहिला आणि माझ्या पाठीत धपाटा घातला.

"काहून आणलंस ते घरात? इटाळ हाय तिचा."

"बाई, ही बांधातली माती हाय. आतून वाहून येऊन राहिली."

शेजारच्या बायका जमल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "काय रं परसराम, कालिजात देवीचं बी शिकवतेत का?"

दुसरी म्हणाली, "शिकवत असतील, म्हून तर पोरगं बायांच्या गोष्टीत नाक खुपसून राहिलं."

सगळ्या हसल्या. मीही हसलो, कारण दुसरं काय करावं ते सुचलं नाही. मग बाटली घेऊन तात्यासाहेबांकडे गेलो. त्यांनी ती उन्हात धरून बराच वेळ बघितली. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या कपाळावर घाम आला तो मला दिसला. "पाणी सोडून दिलं तर माझी हळद जाती," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "न्हाई सोडलं तर तुमचा तांडा जातो, असंच ना?" मी मान हलवली. सरकारी माणसाला बोलावू का म्हटलं, तर म्हणाले, "खासगी तळ्यावर कोण येतो? यायचं ठरवीपर्यंत शिमगा येईल." शेवटी ते तयार झाले. तळ्याचं पाणी सोडायची मोरी जितकी उघडेल तितकी उघडायची, आणि कयाधू नदीची वाळू, खडी, दगड ट्रॅक्टरने आणून झऱ्यावर टाकायचे. "पण ते सात गोटे मी उचलणार न्हाई, आन माझा गडी बी उचलणार न्हाई. उद्या कुणाला काही झालं तर नाव माझं निघंल."

संध्याकाळी तांड्याचे प्रमुख, हरसिंग नायक, आमच्या दारात आले. मागे माणसं होती. आवाज न चढवता बोलण्याची त्यांची सवय होती आणि त्याचीच सगळ्यांना भीती वाटायची.

"पोरा, झरा बुजवायचं मालकानं सांगितलं का तू?"

"मी."

"मग बाया पाणी कुठून आणतील? त्याच्या विहिरीवरून? आज विहिरीवर जा, उद्या त्याच्या दारात जा. तुला शिकवलं ते याच्यासाठी का?"

मी म्हणालो, नायक, झरा राहिला तर तांडा राहणार नाही. तुम्ही ट्रकमध्ये बसून जाल, मागे लेकरं आहेत.

"माझ्या आज्यानं बांधला तो बांध," ते म्हणाले. "माझ्यापुढं त्याला नावं ठेवतू? आन गोटे उचलायचेच तर पाचव्या दिवशी, न्हाण झाल्यावर. बाहेर बसल्या बाईला कुणी हात लावतं का?"

 रीत त्यांच्या बाजूची होती. पाचवा दिवस अजून दोन दिवसांवर होता आणि धार दुपारपेक्षा जाड झालेली मी येताना पाहिली होती. तेव्हा शेवंताबाई घरातून बाहेर आली. थेट झऱ्याकडे चालू लागली. आम्ही सगळे मागे. चिंधीपाशी बाकीचे थांबले. ती आत गेली, गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हात मनगटापर्यंत धारेत धरले. बोटांत माती चोळली. मग पुन्हा धरले. वर बांधावर वारा सुटला होता, लाटा आपटत होत्या. तिने मागे वळून सगळ्या गड्यांसमोर सांगितलं, आणि ते शब्द मी बदललेले नाहीत:

"मी बाई हाय. ते काय असतं मला ठाऊक हाय. हे ते न्हाई."

 ती म्हणाली, "याडीला तकलीफ होऊन राहिली, आन आपण तिला बाहेर बसवून तोंड फिरवून बसलो." मग मला म्हणाली, "पाणी तापव." मी घराकडे पळालो. तिथंच, उजेड असतानाच, पाचव्या दिवसाची वाट न बघता तिने गोट्यांना न्हाऊ घातलं. हळद लावली, स्वतःच्या हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या, आणि एकेक गोटा पदरात घेऊन नाल्यापल्याडच्या टेकाडावर नेऊन मांडला. सात खेपा केल्या. एकही माणूस पुढे झाला नाही. मी पुढे झालो तर म्हणाली, "तू ऱ्हाऊ दे. तुला इथं लगीन करायचंय."

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला. वाळू टाकली ती सुरुवातीला वाहून गेली, पुन्हा टाकली, मग खडी, मग दगड. मोरीचं दार गंजलेलं, अर्धंच उघडलं, तरी पाणी उतरत गेलं. दोन दिवसांनी दगडांच्या फटींतून येणारं पाणी निवळ झालं. मी ते ओंजळीत धरून शेवंताबाईला दाखवलं. ती 'बरं' म्हणाली आणि भाकऱ्या थापत राहिली. तात्यासाहेबांची हळद त्या साली निम्मीच झाली. पुढे त्यांनी जादा पाणी वाहून जायचा सांडवा खाली घेतला आणि तळं पुन्हा कधी पूर्ण भरू दिलं नाही. पाणी उतरलं तशी दगडांतली धार आटली, तिच्यावर घागर भरेना. बायकांना त्यांची विहीर मिळाली, पण पहिल्या दिवसापासून डाळ शिजेना, आणि प्रत्येक चुलीपाशी शेवंताबाईचं नाव निघू लागलं.

ते कदाचित विरलं असतं. पण त्या हंगामात नायकांची धाकटी सून उसाच्या फडात बाळंतपणात गेली. लेकरूही गेलं. ट्रक परत आले तेव्हा कुणी भांडलं नाही, कुणी शिव्या दिल्या नाहीत. फक्त शेवंताबाई वाटेने निघाली की बायका घागरीवर पदर धरायला लागल्या. लग्नात तिच्या हातून पहिली घागर नको झाली. नायक एकदाच बोलले, आमच्या दारात, माझ्या याडीजवळ, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "न्हाणाआधी उचललं तिनं. बाईच्या जिवाशी खेळली, म्हून झऱ्याची याडी बाईचाच जीव घेऊन गेली." शेवंताबाई आतच होती. ती रात्रीचं जेवली नाही, पण तेवढंच. पावसाळ्याच्या तोंडी तिने एक गाठोडं बांधलं आणि वारंगा फाट्यावर खिचडीच्या एका हॉटेलात भांडी घासायच्या कामाला लागली. पुन्हा तांड्यात आली नाही. आमचे बा वारले तेव्हाही फाट्यावरच्या नळाखाली डोक्यावरून पाणी घेऊन ती कामाला बसली, असं मला हॉटेलवाल्याने सांगितलं.

मी पुढे शिक्षक झालो, कळमनुरीकडे नोकरी मिळाली, आणि महिन्यातून एकदा तरी फाट्यावर उतरायचो. ट्रकवाल्यांच्या गर्दीत बाकावर बसायचो. ती आतून पिवळी गरम खिचडी, वर कढी आणि तळलेली मिरची घेऊन यायची आणि समोर उभी राहायची. दरवेळी एकच प्रश्न. "तळं हाय ना?" मी म्हणायचो, हाय. ती मान हलवायची आणि भांड्यांकडे जायची. त्या 'हाय'चा अर्थ आम्हा दोघांनाही कळत होता. दर पावसाळ्यात तळं टिकलं की तांड्यात म्हणायचे, बघा, काही होणारच नव्हतं. उगाच देवीला उठवलं. ते फुटलं असतं तर ती खरी ठरली असती, आणि ते फुटू नये म्हणून तर तिने सगळं केलं होतं. मी स्वतःही डगमगायचो, हे लिहायला लाज वाटते पण लिहितो. कधी वर्गात मुलांना पावसाचा धडा शिकवताना वाटायचं, एका बाटलीतल्या चिखलावर आपण एवढं बोललो. काय पुरावा होता? सरांचं एक वाक्य. आणि तिचे हात. झोप लागता लागता तो आवाज यायचा, मातीच्या आतला, झोपेत बोलणाऱ्या माणसाचा. मी कूस बदलायचो. बायको विचारायची, काय झालं? मी म्हणायचो, काही नाही. आणि तीच तर अडचण होती, काहीच झालेलं नव्हतं.

अशी बरीच वर्षं गेली. तात्यासाहेब वारले. वाटण्या झाल्या, सगळीकडे बोअर आले, तळं गाळाने भरत आलं. धाकट्या मुलाने ते मोडून शेत करायचं ठरवलं. मला हे कुणी कळवलं नव्हतं. तोवर आमच्याकडे मोबाइल आले होते. एका दुपारी, शाळा सुटायच्या सुमारास, त्याचा फोन आला. त्याचा आवाज विचित्र होता.

"सर, बांध कापायला जेसीबी लावला आज. तुमच्या दगडापासून सुरुवात केली. दगड, खडी, वाळू, सगळं जिथल्या तिथं हाय. पण त्याच्या मागं..."  मागे माणसांचा गलका ऐकू येत होता, बायकांचे आवाज, जेसीबीचं इंजिन बंद झालेलं.

"मागं काय?"

"मागं बांध पोकळ हाय, सर. भुयार हाय आत. वर चढत चढत गेलंय पार पाण्याच्या अंगाला. तिकडून दोन हात माती राहिली व्हती नुसती. दोन हात. सगळा तांडा बघायला जमलाय. थांबा, नायकांना बोलायचं हाय."

फोन कुणाच्या तरी हातातून कुणाच्या तरी हातात गेला. म्हाताऱ्या माणसाचा श्वास ऐकू आला. हरसिंग नायकांशी मी त्यांची सून गेल्यापासून बोललो नव्हतो.

"पोरा," ते म्हणाले. "शेवंताबाई हाय का रं?"

"हाय," मी म्हणालो. "फाट्यावर हाय."

 मग म्हणाले, "तिला सांग, मी सोता त्या भुयारात जाऊन बसून पाह्यलो. डोकं वर टेकलं न्हाई."